कुलींसाठी वाळू

आमच्या हॉलमधला फिश टँक आम्ही हौसेने घेतलेला नाही. माझा नवरा बँकेत आहे. त्याच्या शाखेतल्या एका साहेबांची नागपूरला बदली झाली, तेव्हा एवढी मोठी काचेची पेटी ट्रकातून न्यायची कशी असा त्यांना प्रश्न पडला आणि तो प्रश्न त्यांनी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला. टँकबरोबर स्टँड आलं, फिल्टर आला, तळाला अंथरायचे निळे-गुलाबी खडे आले आणि पाणी भरलेल्या पिशव्यांमधून मासे आले. बहुतेक मासे नेहमीचे, चंदेरी, इकडून तिकडे पोहणारे. पण त्यांच्यात पाच-सहा वेगळेच होते. करंगळीएवढे लांब, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडे जाड, अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे आणि तोंडापाशी बारीक मिशा.

"सापाची पिल्लं हायती की ही," आप्पा म्हणाले.

"नाही मामा. ह्यांना कुली लोच म्हणतात," नवऱ्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. काउंटरवर बसून बसून त्याचा आवाज तसाही मोठा झालेला आहे.

"कुली? म्हंजे हमाल?" आप्पांनी विचारलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी रेल्वेत, मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर होटगीला, स्टेशनापासून चालत जाता येईल अशा जागी छोटं घर बांधून आई आणि ते राहत होते. आई गेली. मी एकुलती एक. तिथे एकटे राहू नका म्हणून मी त्यांच्या मागे लागले, नवराही लागला, आणि शेवटी एक पत्र्याची पेटी आणि आईचा फोटो घेऊन ते आमच्या सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. "जावयाच्या घरात ऱ्हायाचं म्हंजे..." एवढं म्हणून ते थांबायचे. पुढचं वाक्य तेव्हा ते कधी पुरं करायचे नाहीत.

होटगीत असताना ते बोलके होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावर बसवून घ्यायचे, मराठीत सुरू करून कानडीत संपवायचे. आमच्याकडे आल्यावर ते गप्प झाले. मी काही विचारलं तर कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही, कधी भलतंच यायचं. एकदा संध्याकाळी मी विचारलं, "आप्पा, भात वाढू का?"

"व्हय, लाव की वात. दिवेलागण झाली."

त्या दिवशी मी हसले. पण मग एकदा शाळेतून आले तर घरभर करपल्याचा वास. कामाला येणाऱ्या मावशी कुकर चढवून, "काका, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा," असं सांगून गेल्या होत्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळीचा कोळसा झाला आणि आप्पा शेजारच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत बसले होते. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पेपर खाली केला. "आलीस? आज लवकर सुटली व्हय शाळा?"

शाळेत स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी डबा बाजूला ठेवला. त्यांच्या सासऱ्यांना विस्मरणाचा आजार होता. "आमच्याकडे असंच सुरू झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी बोलणं कमी होतं. मग विचारलं एक, सांगितलं एक. मग एक दिवस घराबाहेर पडले आणि परत यायचा रस्ताच आठवेना." त्यांनी घाबरवायला सांगितलं नव्हतं, पण मला पुढचा तास घेताना फळ्यावरचं गणित दोनदा पुसावं लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वय आहे, तुमच्या आई नुकत्या गेल्यात, एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. त्या डॉक्टरांची वेळ मिळाली तीही पुढच्या महिन्यातली. आप्पांना मी ह्यातलं काही सांगितलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहायचे.

आप्पा टँककडे बघत राहायचे. दुपारभर खुर्ची ओढून काचेसमोर बसायचे. कुली माशांना मिशा आहेत आणि त्या मिशा झिजत चालल्यात, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. एका माशाच्या तर एका बाजूच्या मिशा नाहीशाच झाल्या होत्या. नवऱ्याने माशांच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, हे मासे तळाशी राहणारे, तोंड खुपसून खाणं शोधणारे. खड्यांवर घासून त्यांच्या मिशा जातात. शिवाय खाणं खड्यांच्या फटीत पडून कुजतं, त्याने पाणी खराब होतं. खडे काढा आणि बारीक वाळू टाका. वाळूत ते स्वतःला पुरून घेतात, त्यांना बरं वाटतं.

नवऱ्याने घरी येऊन हे सगळं आप्पांना सांगितलं. वाळूचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

"वाळू व्हय? वाळूचं मला इचारा की. इंजनाला वाळू लागती, ठावं हाय का? रूळ वले झाले, चढ आला, की चाक जाग्यावर फिरतंय. मग चाकाम्होरं वाळू सोडायची. चाळल्याली, खडखडीत वाळल्याली. वली वाळू नळीत आडकून बसती."

दुकानातली वाळू त्या वेळी संपलेली होती. "मी आनतो," आप्पा म्हणाले. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, जेऊरच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका गावात राहते. तिच्या घराचं बांधकाम नुकतंच संपलं होतं आणि अंगणात भीमेच्या वाळूचा ढीग उरला होता. रविवारी गाडी काढून सगळे जाऊ, असं आमचं ठरलं. म्हणजे आम्हाला वाटलं, ठरलं.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपून आठवडा झाला असेल. मी शाळेतून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या आजींकडे किल्ली होती. त्या पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठी. "सकाळीच गेले की बाबा," त्या म्हणाल्या. "हातात रिकामी पिशवी होती. मी दोनदा विचारलं, कुठं निघालात. नुसतं हसले आणि जिना उतरले."

मी घरात शिरले. आप्पांचा फोन चार्जरला लावलेला होता, त्याच्यावर मीच दुपारी केलेले कॉल दिसत होते. त्यांची काठी दाराच्या मागे तशीच होती. मला स्टाफरूममधलं ते बोलणं शब्दाशब्दाने आठवलं. मी नवऱ्याला फोन करून लगेच बोलावलं. तो स्कूटर घेऊन आला. आम्ही आधी बागेत बघितलं, मग कोपऱ्यावरच्या देवळात, मग एसटी स्टँडवर. स्टँडवर प्रत्येक पांढऱ्या टोपीच्या मागे मी धावत होते. होटगीच्या शेजाऱ्यांना फोन केला, ते तिकडे आलेले नव्हते. आत्याला लावला तर फोन बंद. पोलिसांत कळवायचं का, असं नवरा म्हणाला.

"आधी स्टेशनवर बघू," मी म्हणाले. "त्यांना दुसरं काही आठवलं नाही तरी स्टेशन आठवेल."

दिवे लागायची वेळ होती. प्लॅटफॉर्मवर एका बाकावर, दुसऱ्या बाकावर, चहाच्या टपरीमागे, पाण्याच्या नळाशी, सगळीकडे मी बघितलं. एका तिकीट तपासनिसाला मी वर्णन सांगत होते: उंच, काळेसावळे, डाव्या भुवईवर जुनी खूण. तेवढ्यात कुर्डुवाडीकडून पॅसेंजर आली. लोक उतरायला लागले. मागच्या डब्यातून आधी सिमेंटचं एक जुनं पोतं तोंड बांधून खाली उतरवलं गेलं, चांगलं जड दिसत होतं. त्याच्यामागून आप्पा उतरले. पोतं उतरवायला मदत केलेल्या माणसाला त्यांनी हात जोडले आणि मान वर केली तर समोर आम्ही.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "काय झालं? कुनाला काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. लेक आणि जावई दोघं स्टेशनावर आलेत म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं, असंच त्यांना वाटलं होतं.

मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. ते समोर उभे होते, त्यांच्या शर्टाला आत्याच्या घरच्या चुलीच्या धुराचा वास होता, आणि मला रडू आवरेना. मी रडतेय हे बघून तेही गोंधळले.

"मामा, मी तर म्हटलं होतं, रविवारी जाऊ," नवरा म्हणाला. सकाळी तो आंघोळ करत असताना आप्पांनी बाथरूमच्या दाराबाहेरून काहीतरी विचारलं होतं, आणि त्याने आतून उत्तर दिलं होतं.

"तुमी 'जावा' म्हणलासा की."

"जाऊ म्हटलं, मामा. रविवारी जाऊ."

"मला 'जावा' ऐकाया आलं," आप्पा म्हणाले. मग आमच्या दोघांकडे बघून पुटपुटले, "आसंल. माजंच चुकलं आसंल."

त्यांना घरी आणलं, जेवायला वाढलं. जेवताना ते सगळा प्रवास सांगत होते. जेऊरला उतरून वडापची जीप मिळाली, तिच्यात केळीचे घड भरले होते. बहिणीने शेंगाची चटणी बांधून दिली. धरणाचं पाणी ह्या वर्षी चांगलं आहे. मी घास हातात धरून ऐकत होते आणि मनात हिशेब करत होते, की जाताना सगळं बरोबर केलं, येताना सगळं बरोबर केलं, मग नेमकं चुकलं कुठे? पण ते परत आले होते, एवढ्यावर त्या दिवशी मी समाधान मानलं.

वाळू मात्र आली. आता ती धुवायची होती आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस येईपर्यंत पोतं गॅलरीत राहिलं. आप्पांचं म्हणणं, धुवायची गरज काय, चाळली की झालं. माझी रव्याची चाळण घेऊन त्यांनी दोन दुपारी खपून सगळी वाळू चाळली. शिंपल्यांचे तुकडे निघाले, ते त्यांनी एका वाटीत जमवले. नवऱ्याने त्यावर लिंबू पिळलं. तुकड्यांवर बारीक फेस आला.

"बघा मामा, ह्याच्यात चुना आहे. हे आत गेलं तर पाणी जड होतं."

चाळलेल्या वाळूवरही त्याने लिंबू पिळून बघितलं. तिथे काही झालं नाही, तेव्हा दोघंही खूश झाले.

पाणी आलं त्या सकाळी आम्ही बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन धुवायला बसलो. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरंही तसंच. आप्पा म्हणत होते बास, नवरा म्हणत होता अजून, आणि मी पिण्याचं पाणी भरायच्या आधीच नळ जाईल म्हणून दोघांवर ओरडत होते. गढूळ पाणी बादल्यांनी खाली नेऊन बिल्डिंगच्या कडुलिंबाला घातलं. शेवटी नळाची धार बारीक झाली आणि होतं तेवढ्यावर थांबावं लागलं.

मासे एका बादलीत काढले, निळे-गुलाबी खडे उपसून पिशवीत भरले आणि ओली वाळू हाताने तळाशी पसरली. वाळू उसळू नये म्हणून वर एक ताटली ठेवली आणि त्या ताटलीवर हळूहळू पाणी सोडलं. इतकं जपूनही पाणी ताकासारखं पांढरं झालं. पलीकडची भिंत दिसेना.

आप्पा खुर्चीत बसून त्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिले. "तुमी म्हणत हुता, आजून धुवा," ते नवऱ्याला म्हणाले. "मी उगं घाई केली."

"बसेल खाली, मामा. वेळ लागतो."

"न्हाय बसली तर? मासं किती वेळ बादलीत ऱ्हातील?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी बाहेर आले तर पाणी धुक्यासारखं झालं होतं, आणि दुपारी शाळेतून आले तर आरपार स्वच्छ. तळाशी भीमेची वाळू, फिकट पिवळी, मधे मधे काळे कण. निळ्या खड्यांमुळे टँक कायम एखाद्या दुकानाच्या शोकेससारखा वाटायचा. आता त्यात नदीचा एक कोपरा आल्यासारखा वाटत होता. आप्पा दारातच उभे राहून मला बोलावत होते, "आगं बघ की, बघ की!"

नवरा आल्यावर मासे सोडले. चंदेरी मासे वर फिरायला लागले. कुली खाली गेले, वाळूला तोंड लावलं, अंग दोन-तीनदा वळवळवलं आणि एकामागून एक सगळे वाळूत गडप. वर एक शेपटीसुद्धा नाही. आम्ही तिघं काचेला नाक लावून बघत राहिलो.

"गेलं की खाली!" आप्पा टाळी वाजवून म्हणाले. "आक्के गेलं!"

पण ते वर येईनात. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खाणं टाकलं तरी नाही. नवऱ्याला वाटायला लागलं की वाळूत काहीतरी होतं आणि ते आतच मेले. एका संध्याकाळी तो म्हणाला, "रविवारी वाळू उपसून बघतो."

"कशाला?" आप्पा म्हणाले. "सकाळी येत्यात की वर. मी रोज बघतो. उजाडायच्या टायमाला सगळी बाहीर असत्यात, काचेवर चढत्यात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आम्ही रोज सकाळी उठत होतो, आम्हाला एकही दिसला नव्हता. नसलेल्या गोष्टी दिसणं, हेही त्या बाईंनी सांगितलेल्यात होतं. मी मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, आधीची वेळ मिळेल का. नाही म्हणाले.

म्हणून एकदा मी पहाटेच उठले. हॉलमध्ये दिवा लावला नाही. खिडकीतून नुकता उजेड येत होता. आप्पा खुर्चीत होतेच. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि बघते तर सगळेच्या सगळे कुली बाहेर. काचेवरून वर चढत होते, वळत होते, पुन्हा खाली येऊन वाळूत तोंड खुपसत होते, कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडत होते. मी तोंडावर हात ठेवला. आप्पा खरंच बघत होते ते. त्यांना दिसत होतं ते खरं होतं.

"आप्पा," मी मागून म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. माशांत गुंग असतील, असं मला वाटलं.

पुढच्याच रविवारची गोष्ट. नवरा बाजारात गेला होता आणि मी आत पडले होते. हॉलमधून विचित्र आवाज यायला लागला. आधी घरघर, मग खरखर, मग मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिल्यावर होतो तसा कर्कश आवाज. मी उठून बाहेर आले. आवाज टँकमधून येत होता. काचेच्या आत, अगदी तळाशी लावलेला फिल्टर वाळू ओढत होता आणि त्याचा पंखा वाळूत घासत होता. शेजारच्या आजीसुद्धा दार उघडून विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

आणि आप्पा टँकपासून हातभर अंतरावर, नेहमीच्या खुर्चीत, हनुवटीला हात लावून निवांत बसले होते.

मी दारातच थांबले. "आप्पा, हे कधीपासून असं होतंय?" मी विचारलं. उत्तर नाही. मी दोन पावलं पुढे गेले, पुन्हा विचारलं. काहीच नाही. मग मी स्वयंपाकघरातून स्टीलचं झाकण आणलं आणि त्यांच्या पाठीमागे फरशीवर टाकलं. दारातल्या आजी दचकून मागे सरल्या. आप्पा हललेसुद्धा नाहीत.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. भात आणि वात. कुकर. जाऊ आणि जावा. जिन्यातलं नुसतं हसणं. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. फिल्टर अजून ओरडतच होता.

"आप्पा, हा आवाज ऐकू येतोय का तुम्हाला?"

"कसला आवाज?"

मी फिल्टरकडे बोट केलं. ते फिल्टरकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर खाली घातली.

"ऐकू येतंय मला," ते म्हणाले. "पर जरा कमी येतंय. तुजं तर लईच कमी येतंय. जावयांचं येतंय, ते मोठ्यानं बोलत्यात."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. उमर इंजनात गेली, पोरी. त्येच्या भोंग्याखाली बसून. तुजी आई हुती तवर ती खुणा करून सांगायची. मग कळायचं सगळं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"जावयाच्या घरात ऱ्हायचं," ते म्हणाले, "खायचं, प्यायचं, आन वर हे बी दुखतंय, ते बी ऐकू येत न्हाय, म्हणून सांगायचं? बरं दिसतंय व्हय?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि हसायला लागले. हसता हसता रडत होते. त्यांना काही कळेना. ते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. कान! नुसते कान! इतके दिवस मी कशाच्या भीतीने जगत होते आणि निघालं काय! आजींनी आत येऊन फिल्टरचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे घर शांत झालं.

नवरा आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो सोफ्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "वाचलो." त्याने फिल्टर खोलून धुतला, पंख्यातली वाळू ब्रशने काढली, तोंडाला स्पंजचा तुकडा बांधला आणि फिल्टर तळापासून बराच वर लावला. दुकानदाराने म्हणे हे आधीच सांगितलं होतं. तो विसरला होता.

कानाच्या डॉक्टरांनी आप्पांना एका बंद खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं आणि तपासलं. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेले आहेत, जाड आवाज बरेच शिल्लक आहेत, असं त्यांनी सांगितलं. बायकांचं बोलणं आणि शिट्ट्या-बिट्ट्या अशा माणसाला आधी ऐकू येईनाशा होतात. दोन्ही कानांना मशीन लावलं तर चांगलं चालेल. मेंदूच्या डॉक्टरांची घेतलेली वेळ आम्ही तरीही मोडली नाही. मला खात्री हवी होती. ते डॉक्टर समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलले. आप्पांनी वार, महिना, वर्ष सांगितलं, वजाबाक्या केल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, नोकरीतलं काही आठवतं का? आप्पांनी खुर्चीत सरसावून बसत सोलापूर ते भिगवण स्टेशनं सांगितली. बाळे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, मधली बारीकसारीकसुद्धा. मग न विचारता उलटी सांगितली.

"ह्यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर मला म्हणाले. "ह्यांच्याशी समोर बसून बोला."

मशीन आलं तेव्हा पहिले काही दिवस आप्पांना सगळ्याचाच त्रास झाला. पंखा एवढा आवाज करतो? भांडी अशी आपटता? पेपरचं पान उलटताना ते दचकायचे. इतक्या दिवसांत आम्हाला त्यांच्याशी ओरडून बोलायची सवय लागली होती, तर ते हात वर करून म्हणायचे, "जरा बेतानं की!" वाळू त्यांनी स्वतःकडे घेतली. ती दाबून बसली की आत हवा कोंडते आणि वास येतो, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून ते बांबूची काडी घेऊन अधूनमधून हलक्या हाताने ती मोकळी करतात. तसं करताना एखादा कुली काडीसमोरून उसळून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. माशांच्या मिशा परत वाढल्यात, असं आप्पांचं म्हणणं आहे. मला तेवढं दिसत नाही, पण आता ते म्हणतात तर असतील.

आमच्या बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये दुपारी चार-पाच निवृत्त माणसं पत्ते खेळायला जमतात. वर्षभरात आप्पा तिथे एकदाही गेले नव्हते. मला वाटायचं, त्यांना माणसं नकोशी झाली असतील. आता जेवायची वेळ झाली तरी ते वर येत नाहीत. त्यातल्या एकांनी परवा मला जिन्यात थांबवून तक्रार केली, की तुमचे वडील पत्ते कमी खेळतात आणि रेल्वेच्या गोष्टी जास्त सांगतात. मी त्यांची माफी मागितली आणि वर येईपर्यंत हसत होते.

काल रविवार होता. ताटं मांडून झाली होती. मी गॅलरीत येऊन खाली वाकले आणि हाक मारली, "आप्पा, या जेवायला!" नेहमीच्या सवयीने चांगली जोरात मारली.

खाली डोकी वर झाली. त्यातलं एक पांढरी टोपी घातलेलं.

"आलो की! वरडू नको, समदी सोसायटी जेवाया येईल."

तरी डाव पुरा करूनच ते वर आले. मला वांग्याची भाजी परत गरम करावी लागली.